बिल्ल्यांचा शनिवार

ताईबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी पहाटे त्यांच्या खाटेची करकर सुगंधाबाईला अजून ऐकू यायची. कधी वाटायचं, सासूबाई उठून बसल्यात, डोक्यावरचा पदर चाचपतायत, आणि आता विचारतील, "सुगंधा, स्तोत्र झालं का?" उजाडायच्या आत उठायचं, कुणाशी अवाक्षर न बोलता चुलीपुढं बसून एक स्तोत्र म्हणायचं, आणि मगच विस्तव पेटवायचा, हा नेम त्यांनीच तिच्या पदरात घातला होता. सुगंधाबाई नवी नवरी होती तेव्हा. आता तिचे केस पिकले, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली, नेम मात्र मोडला नव्हता.

त्या पहाटे बुराई नदीवरून धुकं उठून अंजनवाड्यात शिरलं होतं. दारासमोरचा कडुनिंब अर्धाच दिसत होता, वरचा अर्धा जणू कुणी पुसून टाकलेला. चर्चचं कौलारू छप्पर तर मुळीच दिसत नव्हतं, नुसता घंटेचा लाकडी सांगाडा अधांतरी लोंबत होता. सुगंधाबाईनं स्तोत्र सुरू केलं आणि मधेच तिची जीभ अडखळली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आज बिल्ल्यांचा शनिवार होता, आणि आज संध्याकाळी या घराचं उत्तर तिला द्यायचं होतं.

अंजनवाड्याच्या मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या नावानं मेजाशी भाकर आणि प्याला घेण्याचा विधी, वर्षातून एकदाच होई, पौषातल्या थंडीत, दादर ज्वारी निसवण्याच्या सुमाराला. त्याच्या आदल्या संध्याकाळी दोन वडील, म्हणजे मंडळीनं निवडलेले पंचच, थैली घेऊन घरोघर फिरत. थैलीत शिशाचे बिल्ले. ज्याच्याकडे बिल्ला त्यानं उद्या मेजाशी यायचं, ज्याच्याकडे नाही त्यानं मागच्या चटईवर बसायचं. शहरातल्या चर्चांमधून ही रीत कधीच गेली. इथं ती राहिली, कारण ती मिशनरी गिलान साहेबांनी घालून दिली होती, आणि गिलान साहेब इथंच नदीकाठी मातीत झोपले होते.

ताईबाई सांगायच्या तसे साहेब सुगंधाबाईला दिसत. सुरतेकडून तट्टावर बसून आलेला लांबुडका, लाल मानेचा माणूस. कडुनिंबाखाली दोन पावसाळे बसला तरी कुणी जवळ फिरकलं नाही, म्हणून गुरं राखणाऱ्या पोरांकडून तो अहिराणी शिकला आणि पहिली प्रार्थना त्यानं अहिराणीतच केली. बायका पाण्याला जाता जाता थांबल्या, म्हणाल्या, देव आपल्यासारखं बोली राह्यना. तिथून मंडळी जमली. साहेबाच्या मायदेशी बिल्ल्यावर, देव ज्यातून बोलला ते पेटलेलं झुडूप कोरत. शिंदखेड्याच्या कलईवाल्यानं ते झुडूप कधी पाहिलेलं नव्हतं, त्यानं वाळूच्या साच्यात आपल्या ओळखीची बाभूळ ओतली. साहेब खूप हसले म्हणे, आणि म्हणाले, राहू द्या, देव बाभळीतही पेटेल.

सुरुवातीला वडील घरातल्या पुरुषाला विचारत. पुरुष सगळे सांगत, आमच्या घरात शांती आहे. एका वर्षी मात्र बिल्ले घेतलेले दोन सख्खे भाऊ मेजावरून उठले आणि चर्चच्या पायरीवरच एकमेकांच्या गळ्याला लागले. पुढच्या वर्षापासून साहेबांनी हुकूम काढला, घरातल्या थोरल्या बाईला विचारा. एका चुलीवर जेवणारं ते एक घर. तिनं 'शे', म्हणजे 'आहे', म्हटलं तर घरातल्या साऱ्यांना बिल्ले, नाही म्हटलं तर कुणालाच नाही. मग तो पंच असो की मंडळीचा धर्मगुरू, खुद्द पाळक असो.

ताईबाईंनी आयुष्यभर 'शे' म्हटलं होतं. त्यांच्यानंतर या चुलीवर थोरली बाई एकच उरली.

धुकं विरायच्या आतच कुंदाबाई पहूरहून आली. ताईबाईंची लेक ती, माहेरच्या मंडळीला सव्वाशे वर्षं झाली म्हणून नवी जांभळी साडी नेसून, हातात केळीच्या वेफरांची पिशवी घेऊन. चप्पल काढता काढताच तिनं विचारलं, "वहिनी, दोघं बोलले का?"

"नाही."

"नाताळपासून नाही?"

सुगंधाबाईनं नुसती मान हलवली आणि चहाचं आधण ठेवलं.

नाताळातच झालं होतं ते. सव्वाशेव्या वर्षाला मंडळीचा इतिहास कुणीतरी सांगावा असं ठरलं, आणि जळगावला कॉलेजात इतिहास शिकवणारा भूषण, सुगंधाबाईचा मुलगा, याच्याइतका लायक दुसरा कोण? त्यानं नाताळच्या रात्री मंडळीपुढं सांगून दाखवलं. गिलान साहेबांपर्यंत सगळे रंगून ऐकत होते. मग तो आपल्या पणजोबांवर आला, लहानू पाळकांवर. साहेबांच्या हाताखाली शिकलेले, सुरतेहून दीक्षा घेऊन आलेले, या मातीतले पहिले पाळक. चर्चमधल्या फोटोत ते काळा कोट घालून, मान ताठ करून उभे आहेत.

जुन्या कागदांतून शोधून भूषणनं सांगितलं ते असं. लहानू पाळक नवे नवे असताना त्यांच्या धाकट्या भावाची, सुपडूची, तान्ही मुलगी गेली. बाप्तिस्मा व्हायचा राहिला होता. लहानू म्हणाले, नियमात बसत नाही, मी प्रार्थना वाचणार नाही. साहेब जिवंत असते तर त्यांनी वाचली असती, पण साहेब तेव्हा तापानं गेले होते आणि लहानूंना साहेबांपेक्षा जास्त साहेब व्हायचं होतं. सुपडूनं पोर एकट्यानं नदीकाठी पुरली आणि भावाशी बोलणं टाकलं. त्या वर्षी वडील दाराशी आले. लहानूंची बायको सोनाबाई उंबऱ्यावर उभी राहिली आणि 'नही' म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या देशी पाळकानं स्वतःच्या हातानं भाकर मोडली, सगळ्यांना दिली, आणि स्वतः उपाशी राहिला.

इथवर सांगताना भूषणनं पणजोबांचा ताठ आवाज काढून दाखवला होता. 'नियमात बसत नाही.' मागच्या बाकांवरची पोरं खुसुखुसू हसली. आणि पुढच्या बाकावरून भटू उठला, भूषणचा मोठा काका, सुगंधाबाईचा थोरला दीर आणि मंडळीचा थोरला वडील, आणि काठी टेकत बाहेर निघून गेला. तेव्हापासून त्यानं पुतण्याचं नाव घेतलं नव्हतं.

"एवढं काय त्यात," कुंदाबाई बशीत चहा ओतत म्हणाली. "तू 'शे' म्हणून टाक आणि मोकळी हो. बाहेरगावचे पाहुणे येतायत. नाशिकचे, सुरतेचे. त्यांच्यासमोर भटूभाऊ मागच्या चटईवर बसेल का? प्याला त्याच्या हातात असतो दरसाल."

"आणि खोटं बोलू?"

"खोटं कसलं? तुम्ही सगळे एका ताटात जेवता."

"एका चुलीवर जेवतो, कुंदाबाई. भाऊ आधी जेवून घेतात, मग भूषण आला असला तर तो बसतो. दोघांची ताटं मी कधी एकत्र वाढलेली नाहीत नाताळपासून."

"तुला आईसारखं करता येत नाही का? आई काय दरवेळी खरंच सांगत होती? तुझ्या नवऱ्यानं आणि भटूभाऊनं विहिरीच्या मोटरवरून अबोला धरलेला, आठवतं ना?"

सुगंधाबाईला आठवत होतं. त्या शनिवारी ताईबाईंनी दोन्ही मुलांना दुपारपासून आपल्यासमोर बसवून ठेवलं होतं, मेथी निवडायला. मेथी संपली तेव्हा दोघं हसत होते आणि संध्याकाळी ताईबाईंनी 'शे' म्हटलं ते खरं होतं. पण हे कुंदाबाईला सांगत बसण्यात अर्थ नव्हता. आणि मेथी निवडायला बसवायला ती काही दोघांची आई नव्हती. एकाची आई होती. दुसऱ्यासमोर आजवर तिनं डोईवरचा पदर ढळू दिला नव्हता की मान वर केली नव्हती.

दुपारी भूषण जळगावहून आला. गाडी लावली, आईच्या पाया पडला, आणि ओट्यावर बसलेल्या काकांकडे न बघता आत आला. भटूही कापसाच्या झाडाकडे बघत राहिला, जणू त्या झाडाला आज पहिल्यांदा बोंड आलंय.

"आई, तू काही टेन्शन घेऊ नकोस," तो पाणी पिता पिता म्हणाला. "संध्याकाळी फक्त 'शे' म्हण. घराला बिल्ला नसेल तर मला उद्या इतिहास सांगायला उभं राहता येणार नाही. महिनाभर मेहनत घेतलीय मी."

सुगंधाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून तिला वाटत होतं, निदान हा तरी म्हणेल, जाऊन बोलतो काकांशी. "तुझी आत्याही तेच म्हणते," ती हळूच म्हणाली.

"मग बरोबरच म्हणते."

"आणि भाऊंचंही तेच म्हणणं असणार. बघ, तिघांचं किती जमतं तुमचं."

भूषणच्या ओठावर हसू आलं आणि तसंच विरलं. "मी खोटं नाही सांगितलं, आई. जे झालं तेच सांगितलं. आणि त्यात लाज कसली? मला तर वाटतं या मंडळीत तेवढीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सगळीकडच्या पहिल्या पाळकांचे फोटो सारखेच असतात. उपाशी राहिलेला पाळक दाखव मला दुसरा."

"मग त्यांचा आवाज का काढलास?"

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"पोरं हसली त्या वेळी मी भाऊंकडे बघत होते," सुगंधाबाई म्हणाली. "तू पोरांकडे बघत होतास."

बाहेर टेम्पोचा आवाज आला. शिंदखेड्याहून रहीमभाई उद्याच्या जेवणाची मोठी भांडी घेऊन आले होते. पहिले बिल्ले ज्यांनी ओतले त्या कलईवाल्यांच्या घरातले हे. कलईचं काम आता कोण करतं? त्यांचा मुलगा रमीज भाड्यानं भांडी देतो. पण बिल्ल्यांच्या रविवारचं जेवण रहीमभाई कधी चुकवत नसत. टोप उतरवून ते ओट्यावर भटूजवळ टेकले.

"भटूभाई, तोंड असं का केलं? वाणी रिखबचंदशेटनं तेलाचा भाव वाढवला का?"

"काही नही."

"पुतण्या आला दिसतो. गाडी बघितली."

"त्याच्या मायला विचारा. माले काय माहीत."

रहीमभाईंनी दाढी कुरवाळली. "म्हणजे अजून तेच. आमच्यात बरं, भांडण झालं की माझा भाऊ नईम नि मी एकमेकांच्या दुकानासमोरून मुद्दाम जातो, खोकतो, पाच-सहा दिवसांत खोकून खोकून एकाला हसू येतं. तुमच्या लोकांनी ते बिल्ले लावून मोठं अवघड करून ठेवलं."

"तुमच्याच पणज्यानं ओतले."

"त्यानं ओतले, त्याच्यावर भांडण कोरलं नव्हतं, बाभूळ कोरली होती," रहीमभाई म्हणाले, आणि भटूच्या मिशीत काहीतरी हललं असं आतून बघणाऱ्या सुगंधाबाईला वाटलं. तिनं लगेच दोन कप चहा भूषणच्या हातात दिला. "ने."

भूषण गेला. एक कप रहीमभाईंना दिला, दुसरा काकांच्या शेजारी ठेवला. भटूनं कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. ऊन कापसावरून सरकत सरकत ओट्यावर आलं, कपात उतरलं, आणि तसंच पुढं गेलं.

तिसऱ्या प्रहरी सुगंधाबाई नदीवर गेली. काम काही नव्हतं. गिलान साहेबांच्या कबरीवरचा दगड उन्हात कोमट झाला होता. त्याच्या आसपास लहानमोठे उंचवटे होते, नावं नसलेले, गवतात बुडालेले, आणि त्यातला एक फारच लहान होता. तिनं तो आधीही पाहिला होता, पण तिथं कोण आहे हे नाताळपर्यंत माहीत नव्हतं. पाण्यावर ऊन असं हलत होतं की काठावरची माणसंही हलल्यासारखी वाटावीत. तट्टावरचे साहेब, काळ्या कोटातले लहानू, पोर छातीशी धरलेला सुपडू. त्यांच्यात सोनाबाई तेवढी तिला कधी दिसत नसे. तिचा फोटो नव्हता, तिच्याविषयी ताईबाईही जास्त सांगत नसत. तिनं 'नही' म्हटलं, एवढंच राहिलं होतं तिचं. पुढल्या वर्षी ती 'शे' म्हणाली म्हणतात. मधल्या वर्षात तिच्या घरात काय काय शिजलं, काय काय करपलं, कोण सांगणार? नवऱ्यानं तिला काही म्हटलं असेल का? रात्री ती झोपली असेल का?

सुगंधाबाईनं डोळे मिटून प्रार्थना केली. प्रभू, मला उत्तर नको देऊस, नुसता आवाज दे. माझा आवाज फार लहान आहे.

दिवेलागणीला वडील गल्लीत आले. थैली भटूच्या खांद्याला होती, पण स्वतःच्या घराशी दुसऱ्यानं विचारायचं ही रीत, म्हणून पुढं उखा वडील झाले. त्यांच्यासोबत नवे पाळक होते, चाळीसगावचा तरुण पोरगा, पहिल्यांदाच ही रीत पाहत होता. कुंदाबाई आणि भूषण सुगंधाबाईच्या मागं उभे राहिले. भटू कडुनिंबाखाली थांबला. अंधारात त्याचं धोतर तेवढं दिसत होतं.

उखा वडिलांनी टोपी काढली. त्यांचा आवाज दरवर्षीसारखाच होता, निम्मा झोपेतला. साहेबांनी ठरवलेले तेच शब्द. "माय, घरमा शांती शे का?"

कुंदाबाईनं मागून तिच्या पदराला हलकेच ओढ दिली.

सुगंधाबाईनं पदर सावरला. तिनं उखा वडिलांकडे पाहिलं नाही. ती कडुनिंबाकडे बघत होती.

"नही," ती म्हणाली.

आवाज लहानच होता. पण गल्लीत तेव्हा इतकी शांतता होती की शेजारच्या चेलनाबाईच्या दुकानातलं शटर अर्ध्यावर थांबलेलं ऐकू आलं. उखा वडिलांनी टोपी पुन्हा घातली, पुन्हा काढली. "माय, तुम्ही ऐकलं ना नीट? उद्याचा दिवस..."

"ऐकलं, दादा."

"वहिनी," कुंदाबाई पुटपुटली, "काय केलं गं हे."

नवे पाळक पुढं झाले. "मावशी, असं मनाला लावून घेऊ नका. ही जुनी रीत आहे, सगळीकडे बंद झालीय. मी पाहुण्यांशी बोलतो. उद्या सगळ्यांनीच मेजाशी या, देवाचं मेज आहे."

तेवढ्यात कडुनिंबाखालून भटू पुढं आला. त्यानं खांद्यावरची थैली काढली आणि उखा वडिलांच्या हातात दिली.

"पाळकसाहेब," तो म्हणाला, "घरनी बाईनं नही म्हटलं. आता तुम्ही, मी, कोणी काही करू शकत नाही. उद्या प्याला उखा धरील. चाला, पुढलं घर करा."

"पण भटूआबा..."

"पुढलं घर करा."

ते गेले. भटू ओट्याच्या कडेला बसला. काठी दोन गुडघ्यांमधे धरली आणि तिच्यावर हनुवटी टेकली. भूषण दारातच उभा होता. महिनाभराची मेहनत गेली होती, पण ते त्याला त्या क्षणी आठवलं नाही. त्याला दिसत होता काकांचा मोकळा खांदा, जिथं थैलीच्या पट्ट्यानं सदरा दबला होता. तो बाहेर आला आणि जरा अंतर ठेवून ओट्यावर बसला.

सुगंधाबाई आत चुलीशी गेली. बाहेरचं तिला सगळं ऐकू येत होतं. सुरुवातीला ऐकण्यासारखं काही नव्हतं. कुत्रं जाऊन आलं. गल्लीच्या टोकाला कुणाच्या तरी घरी उखा वडिलांचा प्रश्न आणि बाईचं 'शे' ऐकू आलं.

मग भूषण म्हणाला, "मी त्यांचा आवाज काढायला नको होता, आबा."

भटूनं काठीवरची हनुवटी उचलली.

"तुला तो आवाज कोठून मिळाला?" त्यानं विचारलं. "तू तर त्यांना पाहिलंही नाहीस."

"अंदाजानं."

"चुकीचा शे. आजला, माझा आजा, असा नही बोलत व्हता." भटूनं काठी बाजूला ठेवली. "फार हळू बोलायचे. मी लहान पोऱ्या होतो तेव्हा त्यांचे दात गेले होते. माझं बोट धरून नदीवर नेत. साहेबांच्या दगडापाशी एक पलीकडं उंचवटा शे, बारका. तिथं बसायचे. मला म्हणायचे, भटू, फूल ठेव. मी ठेवायचो. कुणाला ठेवतो, कधी विचारलं नाही. मग ते ओठ हलवत बसायचे आणि मी पाण्यात खडे टाकायचो."

ओट्यावर भूषण जरा जवळ सरकल्याचा आवाज आला.

"नाताळला तू सांगितलं तेव्हा मला कळलं तिथं कोण शे ते," भटू म्हणाला. "इतक्या वर्षांनी. आणि मागची पोरं हसली."

"माझं चुकलं."

"तू सांगितलं ते खरंच असेल. माझं भांडण खऱ्याशी नव्हतं." मग तो म्हणाला, "नव्हतं म्हणजे, होतंही. पाहुण्यांसमोर आजला लहान दिसेल असं वाटलं."

कुंदाबाई आतल्या आत सुगंधाबाईचा हात हलवत होती. "वहिनी, बोलले बघ. आता झाली ना शांती? उखाला हाक मारू? अजून दोन गल्ल्या बाकी असतील."

सुगंधाबाई उत्तर देणार तोच बाहेरून भटूचं उत्तर आलं, कारण कुंदाबाईचं कुजबुजणंही गावभर जातं. "नको, कुंदा. एकदा बोललेलं बोललं. तिला उंबऱ्यावर उभी करून आम्ही दोघांनी तिच्या तोंडून खोटं काढायला बघितलं. राहू दे आता वर्षभर." आणि मग, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, मधे कुणाला न घालता तो थेट आत तिच्याशी बोलला. "सुगंधाबाई, भाकरी झाली असेल तर दोघांचं एकदमच वाढ."

रविवारी धुकं उशिरापर्यंत राहिलं. मागच्या चटईवर हे घर ओळीनं बसलं. पुढचे पाहुणे मान वळवून बघत होते. नवे पाळक इतिहास सांगायला उभे राहिले. भूषणनं सांगितलं तसं त्यांना कुठून येणार? त्यांनी गिलान साहेबांचं नाव घेतलं, साल सांगितलं, मग सगळ्या पाळकांची नावं ओळीनं घेतली. लहानू पाळकांना एक वाक्य मिळालं, पहिले देशी पाळक, विद्वान आणि शिस्तप्रिय. सुगंधाबाईनं शेजारी पाहिलं. भटूची मान खाली होती आणि भूषणनं स्वतःचे हात घट्ट धरून ठेवले होते.

मग बाभळीचे बिल्ले एकेक करून थाळीत पडले. टक, टक, टक. भाकर पुढून मागं येत येत शेवटच्या बाकाशी थांबली आणि परत फिरली. ताज्या भाकरीचा वास मात्र चटईपर्यंत आला. सुगंधाबाईनं डोळे मिटले. इतकी भूक तिला आजवर एकाही उपासाला लागली नव्हती, आणि तरी पोटात काहीतरी स्थिर होतं.

जेवणं चर्चमागच्या मोकळ्या जागेत होती. ज्या घराला बिल्ला नाही त्या घरानं पंगत वाढायची, हाही साहेबांच्या वेळचाच दंडक. पण गेल्या पुष्कळ वर्षांत असं घरच निघालं नव्हतं, म्हणून पोरासोरांनीच वाढायची सवय पडली होती. उखा वडिलांनी पोरांच्या हातातली भांडी काढून घेतली आणि भटूकडे पाहिलं. भटूनं धोतराचा सोगा खोचला आणि वरणाची बादली उचलली.

भूषणनं बट्ट्यांची परात घेतली. तूप सुगंधाबाईकडे आलं. तिघं पंगतीच्या टोकाशी उभे राहिले आणि निघाले. वरण-बट्टी वाढायचीही एक चाल असते. बट्टी पडली की लगेच वरण पडलं पाहिजे, नाहीतर खाणारा हात कोरडा धरून बसतो. भूषणला जळगावात कुठली सवय? तो भराभरा पुढं जाऊ लागला.

"हळू रे," मागून भटू म्हणाला. "बट्टी शिरपूरला गेली, वरण अजून अंजनवाड्यातच शे."

पंगतीत हशा पिकला. भूषण थांबला, काका येईपर्यंत परात घेऊन उभा राहिला, मग दोघं एका पावलानं चालू लागले. बट्टी, वरण, मागून तुपाची धार. सुगंधाबाईच्या हातून तुपाची धार कधी जाड कधी बारीक पडत होती.

मधल्या रांगेत सुरतेचे आणि नाशिकचे पाहुणे बसले होते, आणि त्यांच्यातच आपली जागा करून रहीमभाई. समोर बादली बघून त्यांनी मान वर केली.

"भटूभाई? तुम्ही वाढी राह्यनात? दरसाल तर इथं माझ्या शेजारी बसता."

पाहुण्यांचे हात थांबले. सुरतेहून आलेले वृद्ध पाळक चष्मा वर करून बघू लागले. कुंदाबाई लांबून पाणी वाढत होती, तिनं तांब्या छातीशी धरला. भूषणची परात किंचित कलली. काहीही सांगून पुढं जाता आलं असतं, आज वाढायची हौस आली, एवढंही पुरलं असतं.

भटूनं बादली खाली टेकवली. मोकळा हात पुतण्याच्या पाठीवर ठेवला.

"हाऊ भूषण," तो म्हणाला, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं, पाहुण्यांना ऐकू जाईल असं. "लहानू पाळकांचा पणतू. मी नातू. आमले दोन्हीसले यंदा बिल्ला नही, घरातल्या बाईनं दिला नाही. आमच्या आजल्यालाही एका वर्षी मिळाला नव्हता, पाळक असून. का मिळाला नव्हता ते हा तुम्हाला सांगेल. मला सांगता येत नाही, मला रडू येतं." त्यानं बादली पुन्हा उचलली. "पण आधी जेवून घ्या. वरण गार होतं."